आधी टायर, मग लिफ्ट

जुन्या थारचं काम काढायला आज यवतमाळला गेलो. डोक्यात दोन इंची लिफ्ट, म्हणजे स्प्रिंगा वाढवून गाडीची बॉडी वर उचलणं, पक्की होती. मिस्त्री गाडीखाली शिरला, मागच्या डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या, ॲक्सलच्या मधल्या) गोळ्यावर पाना ठोकून म्हणाला, "भाऊ, गाडी कितीही उचला, हा इथंच राहते. याले फक्त टायर उचलते."

खरं आहे. पांदणीत चाकोऱ्या खोल झाल्या की मधला उंचवटा नेमका तिथंच घासतो. 235/70 आर 16 मापाचे टायर काढून त्याहून मोठे 245/75 टाकले तर गोळा जेमतेम दोन सेंटीमीटर वर येतो, पण तेवढंच कामाचं. (मोठ्या टायरमुळं काटा 60 वर असेल तेव्हा गाडी 63 नं पळेल, हे ध्यानात ठेवायचं.) टायर मड टेरेनच (चिखलासाठीचे, मोठ्या खाचांचे) घेणार. आपल्या काळ्या मातीत ऑल टेरेनच्या, म्हणजे सगळ्या रस्त्यांवर चालणाऱ्या टायरच्या, खाचा लगेच भरतात, मग चाक नुसतं लोण्यावर फिरल्यासारखं. डांबरावर आवाज करतील, करू दे.

लिफ्ट म्हणाल तर मागं स्प्रिंगेत एक जादा पाटा, पुढं टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी पिळाची दांडी) थोडासाच पिळायचा. जास्त पिळला की चाकाला खाली यायला वाव राहत नाही, दणके बसतात, ॲक्सलच्या सांध्यांवर ताण येतो.

टायर कपाशीचे पैसे आल्यावर. तोवर खताच्या थैल्या बैलबंडीनंच.