बत्तीस-चाळीसची हाय वॉल

अमेरिकेतल्या युटा राज्यात ऑग्डन गावच्या जुन्या रेल्वे स्थानकात, बंदुकांचा रचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग याच्या नावाचे शस्त्रसंग्रहालय आहे. युटात राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी तिथे शिरलो, तो केवळ बाहेर बर्फ पडत होते म्हणून. पण काचेच्या कपाटातली, एका वेळी एकच काडतूस घेणारी ती रायफल पाहिली आणि, व्यवसायाने यंत्र अभियंता असल्यामुळे असेल कदाचित, माझा तिथून पाय निघेना. आज अशा पाच रायफली माझ्याकडे आहेत. त्यांपैकी ज्या एकीवर माझा विशेष जीव आहे, तिच्याविषयीच इथे लिहितो.

ब्राउनिंगने या रचनेचे पेटंट १८७९ मध्ये मिळवले, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. त्याच वर्षी वडील वारले होते. वडिलांचा बंदुकांचाच व्यवसाय भावांना हाताशी धरून पुढे नेताना त्याने ऑग्डनमध्ये या रायफली बनवायला घेतल्या. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचे टी. जी. बेनेट कनेक्टिकटहून थेट ऑग्डनला आले आणि त्यांनी ८,००० डॉलर मोजून तिचे हक्क विकत घेतले. नावातच ‘रिपीटिंग’, म्हणजे एकामागून एक गोळ्या झाडणारी, हा शब्द मिरवणाऱ्या कंपनीने एका गोळीच्या रायफलीसाठी एवढा प्रवास करावा, याची मला अजूनही गंमत वाटते. परंतु कारण व्यवहाराचे होते. विंचेस्टरच्या तेव्हाच्या लीव्हर रायफलींना मोठ्या शिकारीची लांबलचक काडतुसे झेपत नव्हती, आणि ब्राउनिंगच्या या ठोकळ्याला ती सहज झेपत होती. १८८५ मध्ये ही रायफल विंचेस्टरच्या नावाने बाजारात आली आणि १९२० पर्यंत तिचे सुमारे १,४०,००० नग निघाले.

ठोकळा हा शब्द मी मुद्दाम वापरला. चापाभोवतीची कडी हाच या रायफलीचा लीव्हर असतो. तो खाली ओढला की नळीचे मागचे तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा उभ्या खाचेतून सरळ खाली उतरतो, त्याच्याबरोबर घोडाही खाली जातो आणि रिकामे काडतूस बाहेर सरकते. नवे काडतूस बोटाने आत सारायचे आणि लीव्हर वर घ्यायचा. ठोकळा जागेवर बसता बसता घोडाही चढवलेला असतो. बार उडतो तेव्हा मागे येणारा सगळा जोर त्या ठोकळ्यामार्फत दोन्ही बाजूंच्या भक्कम भिंती पेलतात. या भिंती उंच असतील तर ती ‘हाय वॉल’ आणि लहान काडतुसांसाठी उतरत्या ठेवलेल्या असतील तर ‘लो वॉल’. जादा काडतुसे साठवणारे मॅगझिन नसल्यामुळे तेवढी लांबी वाचते, म्हणून ३० इंची अष्टकोनी नळी असूनही रायफल हातात बेढब वाटत नाही.

माझी रायफल हाय वॉल आहे, ‘बत्तीस-चाळीस’ काडतुसाची. यातला पहिला आकडा इंचाच्या शंभराव्या भागांतला व्यास सांगतो आणि दुसरा काळ्या दारूचे ग्रेन या मापातले वजन. म्हणजे दारू अडीच ग्रॅमच्या आसपास आणि गोळी १६५ ग्रेनची, सुमारे पावणेअकरा ग्रॅमची. गोळ्या मी घरीच ओततो. शिशात थोडे कथील मिसळावे लागते. नुसते शिसे साच्याच्या कोपऱ्यांत नीट भरत नाही. काळ्या दारूचा धूर आणि गंधकाचा वास मला प्रिय आहे, पण त्याच संध्याकाळी नळी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल दिले नाही तर आतल्या आट्यांवर गंज धरतो. तीन वर्षे ऑक्टोबरात मी हिला घेऊन डोंगरात हिंडलो आणि त्यांत एकच म्यूल हरीण मिळाले, तेही ऐंशी पावलांवरून. बाकीचे दिवस अ‍ॅस्पेनची पिवळी पाने पाहण्यात गेले, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पॉलिशबद्दल. जुन्या हाय वॉलचा सांगाडा हाडांच्या कोळशात तापवून पाणी दिलेला असे, आणि त्या पाण्याने पोलादावर निळ्या, तपकिरी, राखी ढगांसारखे रंग उमटत. शतकभराच्या हाताळणीने ते उडतात आणि फक्त कोनाकोपऱ्यांत उरतात. पण उरलेला तो कोपराच रायफलीची खरी साक्ष असते. मी पहिली रायफल घेतली तेव्हा हे कळत नव्हते. एका विक्रेत्याने नव्याने रंगवलेली, दस्त्याचे अक्रोडी लाकूड खरवडून चकचकीत केलेली लो वॉल ‘मूळ स्थितीतली’ म्हणून माझ्या गळ्यात मारली. घरी येऊन भिंगाखाली पाहिले, तेव्हा अक्षरांच्या कडा घासून बोथट झालेल्या आणि स्क्रूंच्या खाचा ओरबाडलेल्या दिसल्या. विसाव्या शतकाच्या मध्यात कित्येक हाय वॉलच्या नळ्या काढून त्यांवर छोट्या, वेगवान काडतुसांच्या नळ्या बसवल्या गेल्या, त्याचेही मला दुःख आहे. तरी ते काम निदान उघडपणे केलेले असते.

खंडेनवमीला मी पाचही रायफली रिकाम्या करून टेबलावर मांडतो आणि झेंडू वाहतो. इथे झेंडू मिळवणे हे हरीण मिळवण्याइतकेच कठीण जाते.

माझ्या हाय वॉलला सेट ट्रिगर आहे. मागचा चाप ओढून ठेवला की पुढचा नुसत्या स्पर्शाने सुटतो. नेमबाजीच्या रायफलीला असा चाप शोभतो, पण हिचा बाकीचा साज अगदी साध्या शिकारी रायफलीचा, त्यामुळे तो नंतर कोणीतरी बसवला असावा असा मला संशय होता. विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या वायोमिंगमधल्या कोडी येथील संग्रहालयात आहेत आणि अनुक्रमांक कळवून शुल्क भरले की तिथून नोंदीचे पत्र येते. माझे पत्र गेल्या महिन्यात आले. बत्तीस-चाळीस, अष्टकोनी नळी, साधा चाप. त्याखाली आणखी एक ओळ होती: कारखान्यातून बाहेर पडल्यावर सहा वर्षांनी ही रायफल दुरुस्तीसाठी परत आली होती. दुरुस्ती कसली, हे वहीत लिहिलेले नाही. त्या रात्री मी चापाचा सांधा पुन्हा एकदा भिंगाखाली धरला. त्याच्या फटीत कागदसुद्धा शिरला नाही.