कॉलेजने घेतलेलं जादा शुल्क परत मिळवताना: माझा अनुभव

माझा वाद २३,५०० रुपयांचा होता. खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालय, कॅप राउंडमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) मिळालेला प्रवेश, दुसरं वर्ष. कॉलेजने वर्षाचे १,४३,५०० रुपये मागितले. शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या वर्षासाठी मंजूर केलेली रक्कम १,१६,००० होती. त्यात शिक्षण शुल्क १,०४,००० आणि विकास शुल्क १२,०००. वरचे २७,५०० चार नावांनी आले होते: ट्रेनिंग अँड प्लेसमेंट १२,०००, उपक्रम शुल्क ६,५००, विमा व इतर ५,०००, गणवेश ४,०००. गणवेश मला मिळाला होता आणि मी तो वापरत होते, म्हणून ते चार हजार मी मागणीतून आधीच काढले. हा हिशेब पहिल्या दिवशी कागदावर करावा. मागणीत एक जरी आकडा कच्चा निघाला, तर पुढच्या प्रत्येक सुनावणीत कॉलेज फक्त त्याच आकड्यावर बोलत राहतं आणि पक्के आकडे बाजूला पडतात.

मंजूर शुल्क शोधायला कोणाची ओळख लागत नाही. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर संस्था, अभ्यासक्रम आणि शैक्षणिक वर्ष निवडलं की आकडा मिळतो. वर्ष नीट पाहायचं, कारण चुकीच्या वर्षाचा आकडा लावून केलेली तक्रार पहिल्याच उत्तरात कोसळते. त्या पानाची तारखेसह छापील प्रत काढून ठेवली. कॉलेजच्या सूचनाफलकावर प्राचार्यांच्या सहीची शुल्काची नोटीस लागली होती, तिचाही फोटो घेतला. त्या नोटिशीत मंजूर शुल्क आणि ही चार शीर्षं एकाच तक्त्यात होती. पुढे सगळ्यात जास्त उपयोग याच कागदाचा झाला.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे प्रवेश आणि शुल्क २०१५ च्या कायद्याने नियंत्रित होतात. त्याखाली दोन प्राधिकरणं आहेत, एक शुल्कासाठी आणि एक प्रवेशासाठी. शुल्काची तक्रार प्रवेशाच्या प्राधिकरणाकडे पाठवली तर फुकट दिवस जातात. त्याआधीपासून १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदाही आहे. त्यातल्या व्याख्येप्रमाणे मंजूर दरापेक्षा जास्त घेतलेली कोणतीही रक्कम, तिला नाव काहीही दिलेलं असो, कॅपिटेशन फीच ठरते. 'नाव काहीही' हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण कॉलेजचा सगळा बचाव नावांवरच उभा असतो. पुढच्या वर्षांचं शुल्क आगाऊ मागत असतील तर इस्लामिक अकॅडमी प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल दाखवावा. एका वेळी एका सत्राचं किंवा एका वर्षाचंच शुल्क घेता येतं. मात्र विद्यापीठासाठी गोळा होणारं परीक्षा शुल्क आणि आपण स्वतः मागून घेतलेली वसतिगृह, खाणावळ, बस यांसारखी सुविधा या भांडणात ओढू नये.

पहिल्या अर्जात मी पैसे परत मागितलेच नाहीत. प्राचार्यांना एवढंच विचारलं की ही तीन शीर्षं कोणत्या आदेशाने घेतली जात आहेत, त्या आदेशाची प्रत द्यावी. पैसे मागितले की 'नियमानुसार घेतले' असं एका ओळीत उत्तर येतं. आदेश मागितला की एक तर आदेश दाखवावा लागतो, नाही तर गप्प बसावं लागतं, आणि ते गप्प बसणंही पुढे पुरावा होतं. आवक विभागाने अर्ज ठेवून घेतला, पण शिक्का द्यायला नकार दिला. खिडकीवरचे सर म्हणाले, "अगं, हे सगळ्यांनाच भरावं लागतं. तू एकटीच का विचारतेस?" हे वाक्य मी त्याच संध्याकाळी ईमेलमध्ये उतरवलं: 'आज मला असं सांगण्यात आलं की ही रक्कम सर्वांना भरावी लागते. यात चूक असल्यास कळवावे.' उत्तर आलं नाही. अर्ज स्पीड पोस्टने पुन्हा पाठवला आणि पोहोचल्याची नोंद संकेतस्थळावरून लगेच छापून घेतली. ती नोंद तिथे कायम राहत नाही.

खरी अडचण परीक्षेच्या अर्जापाशी आली. मंजूर शुल्क आणि गणवेश मिळून मी १,२०,००० भरले होते. परीक्षेचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून विद्यापीठाकडे जातो आणि बाकी भरल्याशिवाय तो पुढे पाठवणार नाही असं सांगण्यात आलं. इथे हट्टाने बसून राहणं मला चुकीचं वाटतं. सत्र गेलं तर ते कोणताही आदेश परत आणून देत नाही, पैसे मात्र परत मिळू शकतात. मी २३,५०० भरले, पण हरकत नोंदवून. रक्कम रोख न देता बँकेतून पाठवली. त्याच दिवशी, परीक्षा अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आत, पत्र दिलं: 'परीक्षा अर्ज अडवल्यामुळे मी ही रक्कम हरकतीसह भरत आहे. ती परत मागण्याचा माझा हक्क राखून ठेवला आहे.' हे पत्र दोन आठवड्यांनी दिलं असतं तर त्याला फारशी किंमत राहिली नसती. मुकाट्याने भरलेला पैसा स्वेच्छेने भरला असं म्हणता येतं.

पावती आली ती कॉलेजच्या नावाची नव्हती, ती चालवणाऱ्या ट्रस्टच्या नावाची होती. असं मुद्दाम केलं जातं, म्हणजे नंतर 'कॉलेजने मंजूर शुल्कच घेतलं, बाकीचं ट्रस्टचं' असं सांगता येतं. यावर तीन गोष्टी जोडाव्या लागतात: दोन्ही पावत्या एकाच खिडकीवरच्या, रक्कम भरली नाही म्हणून अर्ज अडवणारं कॉलेजच, आणि प्राचार्यांच्या सहीच्या नोटिशीत दोन्ही रकमा एकत्र.

त्यानंतर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विनियम प्रत्येक महाविद्यालयाला ही समिती बंधनकारक करतात. प्रॉस्पेक्टसमध्ये नसलेली जादा रक्कम मागणं, मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणं, शिष्यवृत्तीतली दिरंगाई या सगळ्या तक्रारी तिच्या कक्षेत येतात. संस्थेने तक्रार १५ दिवसांत समितीपुढे ठेवायची आणि समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. लोकपालाने ३० दिवसांत ते निकाली काढायचं असतं. लोकपाल कॉलेजमध्ये नसतो, ज्या विद्यापीठाशी कॉलेज संलग्न आहे तिथे असतो. समितीत कॉलेजचेच प्राध्यापक असतात, म्हणून बरेच जण ही पायरी टाळतात. ती टाळू नये. लोकपालाकडे किंवा उच्च न्यायालयात गेलात की पहिला प्रश्न हाच येतो की आधी समितीकडे गेला होता का.

समितीपुढे कॉलेजने माझ्याच प्रवेश अर्जाचं एक पान काढलं. 'खालील ऐच्छिक सुविधांना माझी संमती आहे', खाली माझी सही. ही सही बहुतेक विद्यार्थ्यांची असते, कारण ते पान अर्जाच्या गठ्ठ्यातच शिवलेलं असतं. सही नाकारण्यात अर्थ नव्हता. मी लेखी तीन प्रश्न दिले. ही सुविधा ऐच्छिक असेल तर वर्गातल्या किती जणांनी ती नाकारली? नाकारायची असेल तर अर्जात रकाना कुठे आहे? आणि ऐच्छिक रकमेसाठी परीक्षेचा अर्ज का थांबवला? समितीने तरी अहवालात 'रक्कम संमतीने घेतली' असंच लिहिलं. पण हे प्रश्न आणि त्यांना उत्तर न मिळणं, दोन्ही कागदावर आलं होतं. अपिलात मी नवं काही लिहिलं नाही, तेच तीन प्रश्न पुढे ठेवले.

लोकपालाकडच्या अपिलाबरोबरच शुल्क नियामक प्राधिकरणाकडेही तक्रार पाठवली. दोन्ही अर्जांत दुसऱ्या अर्जाचा उल्लेख स्पष्ट केला. तो लपवला तर समोरची बाजू तो उघड करते आणि तोपर्यंत कमावलेला विश्वास एका दिवसात जातो. मागण्याही वेगळ्या ठेवल्या: लोकपालाकडे परतावा आणि यापुढे परीक्षा अर्ज न अडवण्याचा आदेश, प्राधिकरणाकडे मंजूर दरापेक्षा जास्त आकारणीची चौकशी.

मध्ये माहिती अधिकाराचाही उपयोग झाला. खासगी कॉलेज थेट अर्ज घेत नाही, पण प्राधिकरण आणि विद्यापीठ ही सार्वजनिक कार्यालयं आहेत. कॉलेजने शुल्कनिश्चितीसाठी जो प्रस्ताव दिला, त्यात ट्रेनिंग-प्लेसमेंटचा खर्च दाखवला आहे का, एवढंच मी विचारलं. तो खर्च प्रस्तावात धरलेला असेल, तर मंजूर शुल्कातून तो एकदा वसूल होतोच आणि वेगळं शीर्ष म्हणजे दुसऱ्यांदा वसुली. महाराष्ट्रात हा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. उत्तराची मुदत ३० दिवस.

वकिलाकडे जावं का? मी गेले, पण खिशातून पैसे न घालता. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे मिळालेल्या वकीलबाईंनी दोन गोष्टी पहिल्याच भेटीत सांगितल्या. एक, ग्राहक आयोगाच्या वाटेला जाऊ नकोस. शिक्षण ही ग्राहक कायद्यातली 'सेवा' नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या आणि २०१२ मध्ये पी. टी. कोशी यांच्या प्रकरणात म्हटलं आहे. २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठानेही शिकवणी वर्ग वगळता तीच भूमिका घेतली. दोन, राज्यघटनेच्या कलम २२६ ची उच्च न्यायालयातली रिट याचिका फक्त परीक्षा किंवा प्रवेश हातचा जात असेल तेव्हा. तशी वेळ आली तर प्रेसिपी (तातडीची विनंती करणारा छोटा अर्ज) देऊन तातडीचं सर्क्युलेशन, म्हणजे लवकरची सुनावणी, मागता येतं आणि परीक्षेला तात्पुरतं बसू देण्याचा अंतरिम आदेश मागता येतो. नुसत्या पैशांसाठी गेलं तर 'पर्यायी मार्ग वापरा' म्हणून परत पाठवतात. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा घाई त्यासाठी नव्हती.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या वर्गाच्या गटात 'बाकी भरा, नाही तर अर्ज जाणार नाही' असा निरोप आला होता. त्याचा नुसता स्क्रीनशॉट कोर्टात कमी पडतो. पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवावं आणि फोन बदलू नये. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र त्याला जोडावं लागतं.

प्रवेश रद्द करणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, पण मला त्याबद्दलच जास्त विचारणा होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेवरून टक्केवारी ठरते. त्या तारखेच्या १५ दिवस किंवा जास्त आधी रद्द केला तर १०० टक्के परतावा, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, पुढे काही नाही. अर्ज लेखी हवा आणि पैसे १५ दिवसांत परत हवेत. मूळ प्रमाणपत्रं तपासून तिथल्या तिथे परत द्यायची असतात, अडकवून ठेवायची नसतात. कॅपमधला प्रवेश असेल तर रद्द करण्याचा अर्ज आपल्या लॉगिनमधून ऑनलाइन करायचा आणि त्याची सही केलेली प्रत कॉलेजला द्यायची. रद्द करण्यासाठी ठरवलेल्या कट-ऑफ तारखेच्या आत केला तर हजार रुपये वजा होतात. कॉलेजच्या खिडकीवर साधं पत्र देऊन घरी गेलेल्यांचे पैसे इथेच अडकतात, कारण नोंद ऑनलाइन तारखेची धरली जाते.

माझ्या प्रकरणात लोकपालाकडच्या सुनावणीआधी कॉलेजने तडजोड पुढे केली: रक्कम तिसऱ्या वर्षाच्या शुल्कात वळती करू. सोबत एक पत्र सहीसाठी, 'माझी संस्थेविरुद्ध कोणतीही तक्रार उरलेली नाही.' दोन्हींना मी नकार दिला. वळती केलेली रक्कम पुढच्या वर्षी नवं शीर्ष लावून पुन्हा काढता येते आणि त्या एका ओळीने प्राधिकरणाकडची चौकशीही बंद करता येते. मी उलट मसुदा दिला: अमुक पावत्यांवरचे २३,५०० रुपये बँक खात्यात जमा झाल्यावर फक्त परताव्यापुरतं अपील मागे घेतलं जाईल. अकरा दिवसांनी रक्कम खात्यात आली, व्याज नाही. अपील मागे घेण्याचा अर्ज मी त्यानंतर दिला, आधी नाही. प्राधिकरणाकडची तक्रार तशीच ठेवली, कारण ती २३,५०० एकट्या माझ्याकडून घेतले गेले नव्हते.

सगळ्या पावत्या, पोच, पत्रं आणि लोकपालाच्या कार्यालयाचा कागद मी अजून एकाच फाईलमध्ये ठेवले आहेत. शेवटच्या वर्षी लिव्हिंग सर्टिफिकेट घेताना नो ड्यूजच्या (काही बाकी नसल्याच्या) अर्जावर लेखा विभागाची सही लागते, आणि जुनी बाकी तिथेच पुन्हा वर काढली जाते.