गाडगं आणि दहा बटणं: संभाव्यतेच्या प्रयोगांची पुढची नोंद

सध्याची मांडणी अशी आहे: तीन लाल, सात पांढरी बटणं. एक काढायचं, रंग लिहायचा, परत टाकायचं. लागोपाठ दोन लाल येण्याची संभाव्यता ३/१० × ३/१०, म्हणजे ०.०९. परत न टाकता काढलं तर ३/१० × २/९, म्हणजे ०.०६७ च्या आसपास.

या खेपेला माझा सगळा जोर ‘परत टाकण्या’वर आहे. घटना स्वतंत्र असतात (एकीच्या निकालाने दुसरीची संभाव्यता बदलत नाही) म्हणूनच आपण सरळ गुणाकार करतो, पण बटण नुसतं परत टाकल्याने त्या स्वतंत्र होत नाहीत. वर टाकलेलं बटण वरच राहिलं तर हात पुन्हा त्यालाच लागतो. म्हणून आधीची कापडी पिशवी बाजूला ठेवून अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरी नदीच्या पात्रात घेतलेलं गाडगं वापरतोय. बूड गोल असल्याने हलवलं की बटणं चांगली खालवर होतात. बटणं एकाच पाकिटातली घेतली आहेत, म्हणजे हाताला सगळी सारखीच लागतात. बटणांऐवजी गेरूने रंगवलेले चिंचुके घेतले तर फार देखणे दिसतात, पण रंग बोटाला खरखरीत लागतो, तेव्हा ते या कामाचे नाहीत.

ढवळणं पुरेसं झालं का, हे तपासायची युक्ती मला फार आवडली. बटणांवर पेनाने १ ते १० आकडे घालायचे आणि आधीचाच आकडा लगेच पुन्हा किती वेळा येतो ते मोजायचं. निवड खरोखर स्वतंत्र असेल तर हे १/१० वेळा व्हायला हवं. अशा २०० जोड्यांत सरासरी २०. प्रमाण विचलन (सरासरीपासून आकडा साधारण किती इकडेतिकडे होतो त्याचं माप) ४.२ च्या जवळपास, म्हणून साधारण १२ ते २८ पर्यंतचा आकडा चालेल. ४० आले, तर गुणाकाराचं सूत्र त्या गाडग्याला लावू नये.

भाचा शेजारी बसून रंग लिहितो. लागोपाठ तीन पांढरी आली की तो हमखास म्हणतो, “मामा, आते लालच निंघी!” (आता लालच निघेल!) त्याच्यासाठी वहीत दोन उत्तरं शेजारी शेजारी लिहिली. सुरुवातीलाच विचारलं, की चार वेळांत निदान एक लाल येईल का, तर १ − ०.७⁴, म्हणजे सुमारे ०.७६. तीन पांढरी येऊन गेल्यावर विचारलं तर फक्त ०.३. ‘निदान एक’ साठी पूरक घटनेची (‘एकही नाही’ची संभाव्यता १ मधून वजा करण्याची) हीच वाट पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या १६५४ च्या पत्रव्यवहाराच्या काळातल्या फाशांच्या कोड्यालाही लागू पडते: एक फासा चार वेळा टाकून निदान एक सहा, १ − (५/६)⁴ = ०.५१८; दोन फासे चोवीस वेळा टाकून निदान एकदा दोन्ही सहा, ०.४९१.

पुढचा टप्पा आकड्यांचा. दहा वेळा काढून एखादा ठरावीक आकडा एकदाही न येण्याची संभाव्यता ०.९¹⁰ = ०.३४९, म्हणून दहा खेचींत सरासरी १० × (१ − ०.३४९), म्हणजे साडेसहाच वेगळे आकडे दिसतील. सगळे दहा दिसायला सरासरी २९.३ खेची लागतात. चोपडा, धुळ्याकडचे जे कोणी हा प्रयोग करतायत, त्यांनी लगेच पुन्हा आलेल्या आकड्यांची मोजणीही कळवा, भांडं कोणतं आणि किती वेळ हलवलं त्यासकट.