पाण्याला वाट, पायाला जागा

कोल्हापूरला निघालं की लोक आधी खाण्याची यादी हातात ठेवतात. मी पेशानं प्रॉडक्ट डिझायनर, त्यामुळे माझ्या यादीत पहिलं नाव राजाराम बंधाऱ्याचं होतं. रिक्षावाल्या मामांना हे काही पटेना. "पूर आलाय व्हय आत्ता? मग तिथं काय बघणार हाय ताई तुम्ही?"

बंधारा कसबा बावड्याजवळ, पंचगंगेवर. नदीच्या पात्रात ओळीनं खांब, खांबांना उभ्या खाचा आणि वरून पलीकडे जायची वाट. पावसाळा सरला की त्या खाचांतून आडवे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, सरकवायचे. पाणी तुंबतं, काठचा ऊस जगतो. मृगाच्या तोंडावर बरगे पुन्हा उपसून काढायचे. पुराशी झुंजायच्या भानगडीतच पडायचं नाही, त्याला मधून जाऊ द्यायचं, फारच आला तर डोक्यावरूनही. बरगे बसवायला आणि काढायला माणसं लागतात, हंगाम चुकवून चालत नाही, म्हणून आजचे अभियंते नाकं मुरडतील. मला मात्र हे फार आवडलं. सगळ्यात मोठ्या संकटाच्या वेळी आपले दरवाजे काढून बाजूला ठेवणारी वस्तू मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. राज्यभर ठिकठिकाणी हीच रचना 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' या नावानं उभी आहे.

पावसाळ्यात हाच बंधारा गावाची मोजपट्टी होतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. हे आकडे इथं शेंबड्या पोरालाही पाठ. 2019 च्या महापुरानंतर तर जास्तच. आम्ही डिझायनर सूचना देणाऱ्या स्क्रीनचे रंग ठरवण्यात महिने घालवतो, इथं "किती फुटावर आलंय?" एवढ्या प्रश्नावर लोक माळ्यावर सामान चढवायला लागतात.

खासबागेत फार वेळ थांबले नाही. शाहू महाराजांचं हे कुस्ती मैदान 1912 सालचं. मध्ये आखाडा, भोवती चढत गेलेला उतार, नजरेच्या आड येणारा खांब एकही नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती चितपट झाली की नाही ते दिसलं पाहिजे, बास.

मग चप्पल लाईन, कोल्हापुरी चपलांच्या दुकानांची. दुकानांपेक्षा मला कारागिराकडे बसायचं होतं, आणि एकांनी बसूही दिलं. त्यांच्यासमोर कातडं तासायची रापी, टोचायची आरी आणि अर्धवट झालेला जोड. तळ जाड, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याचा. तळाच्या थरांत दोन बाजूंना पातळ चामड्याचे कान दाबून बसवलेले आणि पायावरचा पट्टा त्या कानांना जोडलेला. शिवण दोऱ्याची नाही, चामड्याच्याच वादीची. खिळा कुठेच नाही. ना बक्कल, ना पट्टा सैल करायची सोय. पाय रुंद असला तर काय, असं विचारलं, तर आरी न थांबवता म्हणाले, "आत्ता आवळतंय, चार दिस घाला. कान ताणतोय आपसूक. पाय सांगतोय तसं चामडं ऐकतंय बघा." म्हणजे वस्तूचं शेवटचं काम गिऱ्हाइकाच्या पायावर सोपवलेलं. आमच्याकडे असं अर्धवट काही बाजारात आणलं तर नोकरी जाईल!

गंमत म्हणजे एवढ्या पावसाच्या मुलखातली ही चप्पल पावसात चालत नाही. बरगे निघायच्या सुमाराला तीही तेल पाजून माळ्यावर जाते, आणि याचं कुणाला काही वाटत नाही.

2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. तरी जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचे मॉडेल जवळपास अशाच चपला घालून चालले आणि कोल्हापूरचं नाव तिथं नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीनं प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. विषय निघाला तसे कारागीर हसले. "फोटू बघून पट्टा जमंल, ताई. कान कुठला किती पातळ करायचा, ते फोटूत दिसतंय व्हय?" आणि कातड्याची कड बोटांत धरून ती पुन्हा रापीनं तासायला लागले.