उपकारस्तुतीचा सण आणि मास्तरांची वही

सुगी उरकली की जालन्याकडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपकारस्तुतीचा सण असतो. वेदीपुढे बाजरीची कणसं, कापसाची बोंडं, लाल भोपळे आणि पाय बांधलेल्या कोंबड्या मांडलेल्या असतात. उपासना झाली की लिलाव होतो. मी लहान असताना आमचे मास्तर तो पुकारत. एकदा एका पोरानं एकच अंडं आणलं होतं. घेणाऱ्यानं पैसे भरून ते परत वेदीवर ठेवलं, दुसऱ्यानंही तसंच केलं. ते एक अंडं अकरा वेळा विकलं गेलं, आणि दर बोलीला मास्तर त्या पोराचं नाव घेत.

रात्री पेटी-ढोलकीवर ना. वा. टिळकांचे अभंग होत. मग मास्तर नारायण शेषाद्रींची गोष्ट सांगत. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याकडे शिकलेल्या या ब्राह्मण तरुणानं १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे आला होता, पण त्याचं प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टानं त्याला घरच्यांकडे सोपवलं. नारायणराव मात्र पुढे आमच्या जालन्यात आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. दरवर्षी तीच गोष्ट, तरी श्रीपतपाशी आलं की मास्तरांचा आवाज बसायचा.

२०१४ साली मी सुवार्तेच्या सेवेला लातूरकडच्या एका गावात निघालो. सणाच्या मंडपात मास्तरांनी मला बाजूला घेतलं आणि शंभर पानी वही हातात दिली. म्हणाले, "लेकरा, पहिलं वर्षभर तू काही सांगू नको. लोकांची नावं शिक. बैलांचीबी."

मी ऐकलं नाही. गेलो त्या आठवड्यापासून बोलत सुटलो. पुढच्या वर्षी पाऊस गेला, प्रार्थनेला चार माणसंही येईनात. २०१५ च्या सणाला आलो तेव्हा सेवा सोडत असल्याची चिठ्ठी खिशात होती. त्या वर्षी वेदीपुढे जेमतेम पाच-सहा टोपल्या होत्या. मास्तरांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती वाचली, घडी घालून परत दिली आणि विचारलं, "तुझ्या गल्लीतल्या किती जणांची नावं येतात तुला?"

मी बोटं मोजू लागलो. नऊवर थांबलो. एका बाईच्या हातचं मी रोज पाणी प्यायचो, तिचं नाव मला येत नव्हतं.

मास्तर एवढंच म्हणाले, "मग अजून गेलाच कुठंस तू तिथं?"

मी परत गेलो. पुढच्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. आमच्या गावाला टँकर होता, तोही दोन दिवसांआड. मी घागरींच्या रांगेत बसायचो, म्हातारीकोताऱ्यांच्या घागरी उचलून द्यायचो, नाव विचारून वहीत लिहायचो. पहिलं नाव त्या पाणी देणाऱ्या बाईचं. जनावरं छावणीला गेली, त्यांचीही नावं लिहिली. प्रार्थनेला त्या वर्षीही फार कुणी आलं नाही. पण माझ्या मनातून जाण्याचा विचार निघून गेला होता.

पाऊस झाला, २०१६ चा सण आला. मास्तरांना वही दिली. चष्मा पुसून ते मांडी घालून बसले आणि पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचू लागले. मंडपात लिलाव चालला होता, दुसरंच कुणी पुकारत होतं. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हा सर्जा छावणीतून परत आला का रे?"

"आला, मास्तर," मी म्हणालो.