क्रियापदाचा माग

मराठी वाक्यात क्रियापद शोधत फिरावं लागत नाही. वाक्याच्या शेवटी जाऊन थांबायचं, ते तिथे येतंच. मधे ‘जो-तो’ आणि ‘जेव्हा-तेव्हा’च्या कितीही जोड्या घुसल्या तरी शेवटचा शब्द बहुधा घरमालकाचाच. इंग्रजीतला मालक मात्र मधेच कुठेतरी बसलेला असतो, आणि भोवती हुबेहूब त्याच्यासारखे दिसणारे भाडेकरू.

‘द मॅन हू सोल्ड द हाउस दॅट हॅड बीन एम्प्टी फॉर इयर्स मूव्ह्ड अवे.’ सोल्ड, हॅड बीन, मूव्ह्ड. ही तिन्ही रूपं काळ दाखवतात. घाईत डोळा पहिल्यावरच अडकतो. पण ‘सोल्ड’वर ‘हू’चा हक्क आहे, ‘हॅड बीन’वर ‘दॅट’चा. प्रत्येक जोडशब्द आपलं एक क्रियापद घेऊन जातो. ज्याला कुणीच नेलं नाही, ते मुख्य. ‘टु’ लागलेली किंवा नुसती ‘आयएनजी’वाली रूपं मोजायचीच नाहीत, त्यांना एकट्याने काळ दाखवता येत नाही.

हिशोब इतका सरळ राहिला असता तर बरं झालं असतं. इंग्रजीला जोडशब्द गिळायची खोड आहे. अमेरिकन मानसभाषाशास्त्रज्ञ थॉमस बेव्हर यांनी १९७० मध्ये दिलेलं एक वाक्य त्यामुळेच प्रसिद्ध झालं: ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.’ वाचणारा घोड्याबरोबर कोठारापुढून मजेत धावत जातो आणि शेवटच्या ‘फेल’वर आपटतो. खरं तर घोडा आपणहून धावलेलाच नाही. त्याला कुणीतरी पळवलं होतं, आणि ‘जो पळवला गेला’ यातला ‘जो’ इंग्रजीने खाऊन टाकला. पडणं हेच मुख्य क्रियापद. गंमत अशी, की ‘रेस्ड’च्या जागी ‘राइड’चं ‘रिडन’ घातलं तर कुणीच फसत नाही, कारण ‘रिडन’ साध्या भूतकाळाचं सोंग घेऊ शकत नाही. सगळा घोटाळा दोन कामांना एकच रूप वापरण्याच्या काटकसरीचा!

अशा वेळी मला वाक्याला प्रश्न करायला लावणं आवडतं. ‘डिड द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फॉल?’ ‘रेस्ड’ जागचं हललं नाही. ‘फेल’ने मात्र आपला भूतकाळ ‘डिड’च्या हवाली केला. घरवाल्या वाक्यातही ‘मूव्ह्ड’चं ‘मूव्ह’ होतं, ‘सोल्ड’ तसंच राहतं. व्याकरणाच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा ही झडती केव्हाही बरी.

‘द ओल्ड मॅन द बोट’ या झडतीलाही दाद देत नाही. प्रश्न केला तरी ‘मॅन’ होता तसाच, आणि वाचणारा एका म्हाताऱ्याकडे बघत क्रियापदाची वाट पाहतो. मग वाक्यालाच भूतकाळात ढकलायचं: ‘द ओल्ड मॅन्ड द बोट.’ आता चोर सापडला: ‘मॅन’ हेच क्रियापद, चालवणं या अर्थाचं. म्हातारा एकटा नाहीच. म्हातारी मंडळी मिळून नाव चालवतायत.