पिवळ्यात मोहरीएवढा निळा

बारा रंगांचा डबा चार-पाच वर्षांच्या मुलापुढे उघडून ठेवला, की थोड्याच वेळात कागदावर एकच रंग उरतो: मातकट. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "काय रे हा चिखल!" बिचाऱ्याचा दोष नसतो. लाल, पिवळा आणि निळा तिघे एकत्र आले की तपकिरीच होणार, आणि डब्यातल्या बऱ्याच रंगांत या तिघांपैकी दोघे आधीच बसलेले असतात.

म्हणून पहिल्या दिवशी पोस्टर कलरचे दोनच रंग काढावेत, लेमन यलो आणि प्रशियन ब्लू. बाकी डबा कपाटात. स्टीलच्या ताटलीत वाटाण्याएवढा पिवळा आणि त्याच्या शेजारी मोहरीएवढा निळा. निळा पिवळ्यात घालायचा, पिवळा निळ्यात नाही. पिवळा गरीब स्वभावाचा; निळ्यात अर्धी बाटली ओतली तरी हिरवा काही नीटसा दिसत नाही. कुंचल्याच्या टोकाने निळा ओढला की पिवळ्यात आधी हिरव्या रेघा उमटतात, मग कडेला पोपटी, मध्ये गर्द. एवढा वेळ मोठ्यांनी तोंड मिटून बसावं. "बघ, आता हिरवा होणार" असं आधीच सांगून टाकलं, तर मुलाने शोधायचं काय? आणि पूर्ण घोटायचा आग्रहही नको. अर्धवट मिसळलेल्या रंगातच खरी गंमत असते.

जांभळा मात्र भल्याभल्यांना फसवतो. डब्यातला शेंदरी लाल, म्हणजे व्हर्मिलियन, निळ्यात घातला की कथ्थई होतो, कारण शेंदरीत पिवळ्याची छटा असते. तिथे क्रिमसन, म्हणजे निळसर छटेचा लाल, आणि अल्ट्रामरीन, म्हणजे जांभळट छटेचा निळा, हेच हवेत. तरीही मिश्रण काळपट दिसलं तर घाबरू नये. त्यातलं थोडंसं पांढऱ्यात कालवलं की लपलेला जांभळा बाहेर येतो. फिका रंग करायचा तर नेहमीच पांढरा जास्त आणि रंग किंचित. उलट केलं तर पांढरा संपतो, रंग तसाच.

पाण्याचे डबे दोन ठेवावेत, एक कुंचला धुवायला, एक खळबळायला. सोबत जुनं सुती फडकं. एकाच डब्यातल्या लालसर पाण्याने पिवळ्याची वाट लागते आणि मुलाला वाटतं, आपलंच चुकलं. रंग ताकाइतका पातळ ठेवावा. फार पाणी झालं तर साध्या चित्रकलेच्या वहीचा कागद भुसभुशीत होऊन त्याच्या गुठळ्या निघतात. रंगचक्र वगैरे एलिमेंटरीच्या परीक्षेपर्यंत थांबू शकतं.

काळा रंग बरेच दिवस लपवून ठेवावा. एक ठिपका पडला की सगळं गिळतो. पण एखाद्या दिवशी मुद्दाम काढावा आणि पिवळ्यात अगदी कणभर घालू द्यावा. निळ्याला हातही न लावता ताटलीत शेवाळी हिरवा तयार होतो.